पाच वर्षांखालच्यांसाठी पंचवार्षिक योजना

अभिनंदन. सार्वजनिक आरोग्यातली परदेशी पदवी तुमच्या हातात आहे, तिचं कर्ज बाबांच्या नावावर आहे, आणि गरीब देशांतली लेकरं गोवर, जुलाब, न्यूमोनिया, हिवताप असल्या आजारांनी मरू नयेत असं तुम्हाला मनापासून वाटतं. पहिल्या दोन गोष्टी या धंद्यात उपयोगी पडतील. तिसरीचं काय करायचं ते पुढे बघू; सरावाने तीही आटोक्यात येते.

बालरोग नियंत्रणाचा आंतरराष्ट्रीय कार्यक्रम आखणं वाटतं तितकं अवघड नाही. जिनिव्हा, वॉशिंग्टन, नैरोबी इथल्या थंडगार खोल्यांत तुमच्याआमच्यासारखीच माणसं हे काम कित्येक दशकं करत आली आहेत. मुलंही वाचली आहेत, नाही असं नाही. १९९० साली जगात पाच वर्षांखालची सुमारे सव्वा कोटी मुलं दगावली होती, २०२३ मध्ये तो आकडा ४८ लाखांवर आला. ती नेमकी कशामुळे वाचली हे मात्र नवशिक्याने विचारायचं नसतं. श्रेयाचं वाटप उरकलेलं आहे.

पायऱ्या क्रमाने चढा. मध्येच थांबून खाली बघू नका. खाली मुलं असतात.

१. आधी पैसा शोधा, मग रोग

नवखा माणूस आधी मुलं कशाने मरतात ते बघतो आणि तिथेच फसतो. तुम्ही आधी दाते कशावर पैसे देत आहेत ते बघा. त्या रोगाची मुलं कुठे ना कुठे सापडतातच.

रवांडाचा धडा पाठ करून ठेवा. या शतकाच्या पहिल्या दशकात तिथे सर्वाधिक बळी हिवताप घेत होता. परदेशी मदतीतले साडेचार कोटींहून जास्त डॉलर आले एचआयव्हीसाठी, १.८ कोटी हिवतापासाठी आणि लहान मुलांच्या आजारांसाठी १० लाख. एचआयव्हीच्या औषधांनी माणसं वाचली, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या दहा लाखांच्या रकान्यात अर्ज करणाऱ्याचं पुढे काय झालं, कुणाला ठाऊक आहे का? नाही ना? मग.

एक खास सूचना: जुलाब घेऊ नका. जुलाबाला सदिच्छादूत म्हणून सिनेतारका मिळत नाही. त्याहून मोठी अडचण ही की त्यावरचा उपाय फार स्वस्त आहे. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलऱ्याने माणसं पटापट जात होती आणि शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा पाण्यात कालवून पिंपांतून पाजायला सुरुवात केली. जिथे शंभरातले तीसेक मरत होते, तिथे चारसुद्धा मरेनात. पुढे १९७८ मध्ये ‘लॅन्सेट’ने या उपचाराला बहुधा शतकातली सर्वांत महत्त्वाची वैद्यकीय प्रगती म्हटलं. आणि आजही जुलाब झालेल्या जगभरच्या मुलांपैकी निम्म्यांनासुद्धा ही क्षारसंजीवनीची पुडी मिळत नाही. आश्चर्य वाटून घेऊ नका. काही रुपयांच्या पुडीवर पाच वर्षांचं बजेट, तीन गाड्या आणि एक उपसंचालक कसा उभा राहणार?

२. समस्या अरुंद करा

सप्टेंबर १९७८ मध्ये तेव्हाच्या सोव्हिएत कझाकस्तानातल्या अल्मा-आटा शहरात १३४ देश जमले आणि त्यांनी ठरवलं, की २००० सालापर्यंत सर्वांना आरोग्य. त्यात पाणी आलं, अन्न आलं, गावातलाच आरोग्यसेवक आला, लोकांचा सहभाग आला. या विचारामागे जे मोजके गावपातळीवरचे प्रयोग होते, त्यांत नगर जिल्ह्यातलं डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांचं जामखेडही होतं.

स्वप्न सुंदर होतं आणि नेमकं म्हणूनच निरुपयोगी. दात्याच्या तिमाही अहवालात ते कुठे भरणार? पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, दोन अमेरिकी तज्ज्ञांनी उतारा काढला: सगळ्यांना सगळं देणं परवडत नाही, तेव्हा मोजक्या रोगांवर मोजता येतील असे मोजके उपाय करावेत. ही सोय मधल्या काळापुरती आहे, असंही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं. तिला आता पंचेचाळीस वर्षं उलटून गेली.

तुम्हीही तोच मार्ग धरा. एखाद्या मुलाला जुलाब, गोवर आणि उपासमार अशी तिन्ही एकदम लागली असतील, तर त्याच्या आईला हळुवारपणे सांगा, की सध्या आमच्याकडे फक्त गोवर आहे.

३. नाव ठेवा

१९८२ साली युनिसेफचे प्रमुख जेम्स ग्रँट यांनी वाढीवर लक्ष, क्षारसंजीवनी, स्तनपान आणि लसीकरण या चार गोष्टींच्या इंग्रजी आद्याक्षरांतून ‘गोबी’ असं नाव काढलं. वाळवंटाचं नाव, लोक विसरले नाहीत. ग्रँट स्वतः क्षारसंजीवनीची पुडी खिशात घेऊन फिरायचे आणि राष्ट्राध्यक्षांच्या मेजवानीतसुद्धा ती बाहेर काढायचे. तुम्ही त्यांची नक्कल करताना पुडी वगळा, आद्याक्षरं ठेवा.

४. देश बघून या, पण हवामान बघून जा

गर्दीची तयारी ठेवा. २००५ या एका वर्षात व्हिएतनाममध्ये दात्यांची ७९१ शिष्टमंडळं येऊन गेली, म्हणजे रविवार-सणवार धरून रोज दोन. मग तिथला आरोग्य सचिव स्वतःचं काम कधी करत असेल, असा कुत्सित प्रश्न विचारू नका. तुम्हाला भेटणं हेच त्याचं काम. टांझानियाने तर वैतागून वर्षातले काही महिने पाहुण्यांना येऊच नका म्हणून सांगितलं. त्यांना म्हणे अर्थसंकल्प तयार करायला उसंत हवी होती. असा उद्धटपणा दिसला की अहवालात ‘सहकार्याचा अभाव’ अशी नोंद करा.

पावसाळ्यात जाऊ नका. रस्ते खचलेले असतात आणि मुलं आजारी असतात. रॉबर्ट चेंबर्स या इंग्रज अभ्यासकाने १९८३ मध्येच लिहून ठेवलंय, की तज्ज्ञ मंडळी कोरड्या हंगामात येतात, डांबरी सडकेच्या कडेची गावं बघतात, गावातल्या चार वजनदार पुरुषांशी बोलतात आणि परत जातात. त्याने ती टीका म्हणून लिहिली. आपण ती दौऱ्याचं वेळापत्रक म्हणून वापरायची.

पांढऱ्या लँड क्रूझरमधून उतरल्या उतरल्या एखादं मूल कडेवर घ्या. नाक वाहणारं असेल तर उत्तम. मात्र फोटोआधी पुसून घ्या. त्याचं नाव विचारत बसायची गरज नाही, फोटोखाली ‘लाभार्थी’ लिहिलं की पुरतं.

५. एक यंत्र आणा

कितीतरी बालरोगांचं मूळ दूषित पाण्यात आहे, कबूल. पण नळ, पाइप आणि गटारं यांचे फोटो चांगले येत नाहीत. म्हणून कल्पक यंत्र हवं. या विषयातलं अभिजात उदाहरण म्हणजे दक्षिण आफ्रिकेतला ‘प्लेपंप’. शाळेच्या मैदानात मुलांना खेळायला एक गोल फिरतं चक्र. मुलं हसत-खिदळत ते फिरवणार, तसतसं जमिनीखालचं पाणी वर टाकीत चढणार, टाकीच्या बाजूंना जाहिराती लागणार आणि जाहिरातींच्या पैशातून दुरुस्ती होणार. डोळे पाणावले ना? सगळ्यांचेच पाणावले. २००६ मध्ये न्यूयॉर्कला बिल क्लिंटन यांच्या परिषदेत लॉरा बुश यांनी व्यासपीठावरून या पंपांसाठी निधी जाहीर केला. २०१० पर्यंत आफ्रिकेत असे ४,००० पंप बसवायचं ठरलं.

एका पंपाची किंमत सुमारे १४,००० डॉलर. तेवढ्यात साधे चार हातपंप बसले असते, पण साध्या हातपंपासाठी कोण व्यासपीठावर चढणार? २००९ मध्ये ‘गार्डियन’ने बेरीज-वजाबाकी केली. ठरवलेल्या सगळ्या माणसांना किमान गरजेपुरतं पाणी द्यायचं, तर मुलांनी रोज २७ तास खेळायला हवं होतं. मुलं आळशी निघाली. ती शाळेत किंवा घरी गेली की चक्राचे दांडे धरून बायका गोल फिरत राहिल्या. काही गावांत तर आधीचा चालता हातपंप उखडून त्या जागी हे खेळणं बसवलं होतं. २०१० मध्ये पैसे देणाऱ्या फाउंडेशनने आपलं गणित फसल्याचं जाहीरपणे मान्य केलं. एवढा मोठेपणा तुमच्याकडून अपेक्षित नाही.

यंत्र व्यवस्थित चाललं तरी निश्चिंत होऊ नका. बांगलादेशात तळ्याचं पाणी पिऊन मुलं जुलाबाने मरत होती, म्हणून १९७०च्या दशकापासून युनिसेफच्या मदतीने गावोगाव कूपनलिका खणल्या गेल्या. हेतू निर्मळ होता, पाण्यात जंतूही नव्हते. आर्सेनिक आहे का, हे तपासायचा तेव्हा प्रघात नव्हता. १९९३ मध्ये ते सापडलं. एखाद्या लोकसमूहाला झालेली इतिहासातली सर्वांत मोठी विषबाधा, असं नंतर तज्ज्ञांनी लिहिलं. इथे मला विनोद सुचत नाही, तेव्हा पुढच्या पायरीकडे जाऊ.

६. लॉगफ्रेम भरा

चार रकान्यांचा हा तक्ता १९६९च्या सुमारास यूएसएड या अमेरिकी मदत संस्थेसाठी तयार झाला. संस्था २०२५ मध्ये बंद पडली, तक्ता ठणठणीत आहे.

पहिल्या रकान्यात उद्दिष्ट, दुसऱ्यात निर्देशक, तिसऱ्यात पुरावा. हे तिन्ही रकाने कुणीही भरेल. तुमचं कसब दिसतं ते चौथ्यात, कारण तिथे गृहीतकं जातात. तुम्हाला जे जे करणं जमणार नाही ते सगळं तिथे लोटा. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते? लिहा: ‘वीजपुरवठा अखंड राहील.’ पुढे लिहा: ‘नर्सला पगार वेळेवर मिळेल.’ ‘नदीवर पूल असेल.’ ‘युद्ध होणार नाही.’ उद्या मुलं लशीवाचून राहिली तर तुमचा आराखडा चुकला असं कुणी म्हणू शकणार नाही. देश गृहीतकाप्रमाणे वागला नाही, एवढंच.

७. मोजा, पण विचारू नका

मोजणी हा कार्यक्रमाचा आत्मा, तेव्हा इथे जरा थांबू.

लशींसाठी २००० साली उभी राहिलेली गॅव्ही ही आंतरराष्ट्रीय आघाडी. तिने एक आकर्षक योजना काढली: त्रिगुणी लशीचा तिसरा डोस घेतलेल्या प्रत्येक वाढीव मुलामागे देशाला २० डॉलर. मुलं किती वाढली, ते देशानेच कळवायचं. मुलं भराभर वाढली. २००८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक शोधनिबंध आला. त्यात ५१ देशांचे सरकारी आकडे एका बाजूला ठेवले होते, घरोघरच्या पाहण्यांतून निघालेला अंदाज दुसऱ्या बाजूला. सरकारी हिशेबाने वाढीव मुलं १ कोटी ३९ लाख. पाहण्यांच्या हिशेबाने ७४ लाख. मधली ६५ लाख मुलं कागदावरच टोचली गेली. रडली नाहीत, ताप आला नाही, मांडीवर गाठही आली नाही. लसीकरणाच्या इतिहासात इतकी गुणी मुलं दुसरी झाली नसतील. गॅव्हीने पुढे पैसे देण्याची पद्धत बदलली, पण तुमच्यासाठी तत्त्व शाबूत आहे: ज्याला पैसे मिळणार त्यालाच मोजू द्यावं. आकडे कधी निराश करत नाहीत.

आता याच्या अगदी उलटं उदाहरण, निव्वळ टाळण्यासाठी सांगतो. १९८० ते १९९० या काळात बांगलादेशातल्या ब्रॅक या संस्थेने खेड्यांतल्या आयांना घरच्या घरी जुलाबावरचं पाणी करायला शिकवलं. तीन बोटांच्या चिमटीत मावेल तेवढं मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. शिकवणाऱ्या बायका दारोदार जात, ओसरीवर बसून आईकडून करवून घेत. इथवर ठीक आहे. पण काही आठवड्यांनी ब्रॅकचा दुसरा माणूस त्यातली थोडी घरं निवडून तिथे जाई आणि आईला विचारी: काय काय आठवतं? तिला जितकं आठवेल, तितकी शिकवणारीची कमाई. रजिस्टरवरचा अंगठा नाही, बिलाची पावती नाही. निरक्षर बाईच्या आठवणीवर अख्ख्या कार्यक्रमाचा हिशेब! कुठला ऑडिटर असलं खपवून घेईल?

त्यांचा अगोचरपणा इथेच थांबला नाही. सुरुवातीला असं दिसलं, की आयांना कृती तोंडपाठ आहे, पण मूल आजारी पडल्यावर त्या ती करत नाहीत. अशा वेळी अहवालात ‘वर्तनबदलातील सांस्कृतिक अडथळे’ असं लिहून मोकळं व्हायचं असतं. ब्रॅकवाले चौकशी करत बसले. निघालं काय, तर शिकवणाऱ्यांनाच स्वतःला जुलाब झाले की त्या गुपचूप गोळ्या घेत होत्या. मग आधी त्यांना हे पाणी पोटात जाऊन काय करतं ते नीट समजावलं गेलं आणि त्या स्वतः ते पिऊ लागल्या. पुढे पुरुषांची कुरकुर आली, की आम्हाला कुणी काही सांगत नाही. तर त्यांनाही बसवून सांगितलं. दहा वर्षांत सव्वा कोटीच्या आसपास घरं झाली. जुलाब झालेल्या मुलाला हे पाणी मिळण्याच्या बाबतीत बांगलादेश आज जगात वरच्या रांगेत आहे.

सगळं खरं. पण मला सांगा, यात डॅशबोर्ड कुठे बसवणार?

८. लोकांच्या संशयाला गैरसमज म्हणा

तुमची माणसं लस घेऊन गेली आणि दारं बंद झाली, तर तो लोकांचा गैरसमज. गैरसमजाला मागचापुढचा इतिहास नसतो, यावर ठाम राहा.

२००३ साली उत्तर नायजेरियात अफवा उठली, की पोलिओच्या डोसात वंध्यत्वाचं औषध आहे. कानो राज्यात जवळजवळ वर्षभर डोस बंद राहिले आणि विषाणू तिथून वीसेक देशांत पसरला. अफवा खोटी होती, नुकसान खरं होतं. आता माहितीपत्रकात काय छापायचं नाही ते ऐका. त्याच कानोत १९९६ मध्ये मेंदूज्वराची साथ चालू असताना फायझर कंपनीने सुमारे २०० मुलांवर एका नव्या औषधाची चाचणी घेतली होती. निम्म्यांना नवं औषध, निम्म्यांना जुनं. दोन्ही गट मिळून ११ मुलं दगावली. आईबापांना काय चाललंय ते नीट सांगितलं होतं का, यावर वर्षानुवर्षं खटले चालले. ती मुलं साथीनेच गेली असं कंपनी म्हणत राहिली आणि शेवटी २००९ मध्ये राज्याशी साडेसात कोटी डॉलरची तडजोड करून मोकळी झाली. अडाणी लोकांना एवढं जुनं लक्षात कसं राहतं, देव जाणे.

पाकिस्तानातला धडा त्याहून ताजा. २०११ मध्ये ओसामा बिन लादेन अबोटाबादच्या एका घरात आहे का, हे शोधायला सीआयएने एका डॉक्टरला हाताशी धरून हेपटायटिस-बीची लसीकरण मोहीम काढली. ती सुरू झाली एका गरीब वस्तीत, पण पुढच्या डोसाची वेळ आली तेव्हा पथक भलत्याच मोहल्ल्यात होतं. बातमी फुटली आणि त्यानंतर पोलिओचे डोस पाजायला जाणाऱ्या स्थानिक बायका-माणसांना रस्त्यात गोळ्या घातल्या गेल्या. दिवसाला जेमतेम काही डॉलर भत्त्यावर उन्हातान्हात हिंडणारी माणसं ती. २०१४ मध्ये व्हाइट हाउसने शब्द दिला, की यापुढे सीआयए लसीकरणाचा असा वापर करणार नाही. बरं झालं. आता वझिरीस्तानातल्या आईला एवढंच समजावायचं राहिलं, की आपण या वेळी खरोखरच लस घेऊन आलो आहोत.

त्यासाठी पोस्टर छापा. हसरी आई, हसरं बाळ, मजकूर राजधानीच्या भाषेत.

९. कार्यशाळा भरवा

जिल्ह्यातल्या आरोग्य केंद्रात एकच नर्स आहे, तिला पाच दिवस राजधानीतल्या हॉटेलात बोलवा. विषय: ‘आरोग्य केंद्रांतील कर्मचाऱ्यांची अनुपस्थिती’. ती येईल. पगार तीन महिने थकलेला असतो आणि तुमचा भत्ता रोख असतो. पुढच्या आठवड्यात तिला हिवतापवाले बोलावतील, त्याच्या पुढच्या आठवड्यात पोषणवाले. प्रत्येकाचं रजिस्टर वेगळं, प्रत्येकाचा फॉर्म वेगळा. मधल्या काळात केंद्राच्या ओट्यावर पोर घेऊन बसलेल्या बाईचं काय, असा प्रश्न कुणी उपस्थित केलाच तर तो ‘पार्किंग लॉट’ नावाच्या चार्टपेपरवर लिहून घ्या. प्रत्येक कार्यशाळेत तो असतो आणि कार्यशाळा संपली की हॉटेलची माणसं तो गोळा करून नेतात.

१०. तारीख जाहीर करा

देवीच्या रोगाने वाईट सवय लावून ठेवली आहे. १९६७ मध्ये मोहिमेला जोर आला, दहा वर्षांची मुदत घातली आणि ऑक्टोबर १९७७ मध्ये सोमालियात नैसर्गिक लागणीचा शेवटचा रुग्ण सापडला. एवढा नेमका हिशेब पुन्हा जमलेला नाही. पोलिओची पहिली तारीख १९८८ मध्ये ठरली: २०००. मग २००५. मग २०१८. मग २०२६. आता २०२९. दरम्यान वर्षाला अंदाजे साडेतीन लाख मुलं लुळी व्हायची, ती संख्या ९९ टक्क्यांहून जास्त घटली. भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्याला सापडला. हे काम उन्हात थर्मासपेटी खांद्याला लावून बूथवर बसणाऱ्या बायकांनी केलं. तारखा व्यासपीठावरच्यांनी दिल्या. तुमची तारीख तुमचा करार संपल्यावर निदान तीन वर्षांनी यायला हवी.

११. यांच्यापासून सावध राहा

काही माणसं आपली बाजारपेठ बिघडवतात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना घरी जाऊन नवजात बाळाची देखभाल करायला शिकवलं आणि त्या गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी उतरले. ‘लॅन्सेट’ने ते १९९९ मध्ये छापलं. बाळाला न्यूमोनिया आहे का हे ओळखायला, अक्षरओळख नसलेल्या बाईलाही बाळाचे श्वास मोजता यावेत, म्हणून त्यांनी वाळूचं घड्याळ आणि मणी वापरले. मण्यांना बॅटरी लागत नाही, सॉफ्टवेअर लागत नाही, परवाना लागत नाही. असल्या वस्तूचा पायलट प्रोजेक्ट करायचा म्हटला तरी कसा करणार?

दुसरा धोका पुण्याचा. आफ्रिकेत मेंदूज्वराच्या ‘ए’ प्रकारावर लस हवी होती. आधी तिथल्या आरोग्य अधिकाऱ्यांना विचारलं गेलं, की किती किमतीला परवडेल? ते म्हणाले, डोसामागे अर्ध्या डॉलरच्या आत. बड्या कंपन्यांना त्यात रस वाटेना. सीरम इन्स्टिट्यूटने ती त्या किमतीत करून दिली. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत मोहीम सुरू झाली आणि तो प्रकार आफ्रिकेतल्या मेंदूज्वराच्या पट्ट्यातून जवळपास नाहीसाच झाला. विचारायची सवय लागली की असं होतं. आधी किंमत विचारतात, मग वेळ सोयीची आहे का विचारतात, मग एक दिवस तुमची गरज आहे का, हेही विचारतील.

१२. निघताना दिवे घालवा

कार्यक्रम मुलांच्या तब्येतीवर संपत नाही, आर्थिक वर्षावर संपतो. किंवा निवडणुकीवर. दुबईच्या गोदामात अफगाणिस्तान आणि पाकिस्तानातल्या भुकेल्या मुलांसाठी अमेरिकेच्या पैशातून घेतलेली सकस बिस्किटं होती. मदत संस्थाच मोडीत निघाल्यावर ती कुणी आणि कशी पाठवायची, याचा निर्णय होता होता मुदत संपली. २०२५च्या जुलैमध्ये जवळपास ५०० टन बिस्किटं नष्ट करायचं ठरलं. ती सुमारे आठ लाख डॉलरची होती. ती नष्ट करायला आणखी सुमारे एक लाख तीस हजार डॉलर लागले. बारकाईने पाहाल तर या सगळ्या मार्गदर्शिकेत पूर्ण तरतुदीसह पार पडलेलं हे एक काम आहे.

तुमच्यासाठी मात्र चिंतेचं कारण नाही. अमेरिकेचा हात आखडला असला तरी इतर दाते आहेत आणि कामाचा साठा मुबलक आहे. २०२४ साली जगातल्या १ कोटी ४० लाखांहून जास्त बाळांना कुठल्याही लशीचा एकसुद्धा डोस मिळाला नाही. प्रस्ताव इंग्रजीत पाठवा, शब्दमर्यादा पाळा. आणि वेळेत पाठवा: मुदतीनंतर आलेले अर्ज विचारात घेतले जात नाहीत.